माळ्यावरच्या घरट्याचे वेळापत्रक

घराच्या माळ्यावर, वळचणीला किंवा पत्र्याखालच्या पोकळीत घरटे करणारे पक्षी पुणे परिसरात मोजकेच आहेत. चिमणी, साळुंकी, पारवा, पाकोळी, दयाळ, पिंगळा आणि गव्हाणी घुबड ही सात नावे ठाऊक असली की बहुतेक वेळा भागते. चिमणी सोडली तर यांपैकी कोणालाही माणसाच्या सोबतीचे विशेष अगत्य नाही. कड्यातली कपार किंवा झाडातली ढोली जशी अंधारी, कोरडी आणि मागून बंद असते, तशी जागा त्यांना हवी असते. आढ्याखाली ती आयती मिळते.

याच परिसरातल्या ताथवड्यात अशा जागा दोन तऱ्हेच्या आहेत. गावठाणातली कौलारू आणि पत्र्याची घरे, त्यांचे लाकडी माळे, वाशांमधल्या फटी आणि भिंतीतल्या देवळ्या ही एक तऱ्हा. महामार्गाच्या अंगाने उभ्या राहिलेल्या इमारतींमधले स्वयंपाकघरावरचे लॉफ्ट, न्हाणीघराची डक्ट, एसीमागची बेचकी आणि एक्झॉस्ट पंख्यासाठी पाडून तसेच ठेवलेले भोक ही दुसरी. जुन्या घराभोवती दाणे, गवत, माती आणि किडे मिळतात, म्हणून तिथे चिमणी-साळुंकी येते. पशुसंवर्धन विभागाच्या वळू माता प्रक्षेत्रासारखी मोकळी गवताळ जागा जवळ असली की उंदीर असतात, आणि उंदरांच्या मागे घुबड. गुळगुळीत भिंतींच्या टॉवरमध्ये बहुधा पारव्याचेच राज्य. माळ्यावर खुडबुड ऐकू आली की घर कुठल्या तऱ्हेचे आहे हे आधी पाहावे. निम्मी ओळख तिथेच पटते.

उरलेली ओळख वेळेवरून आणि खुणांवरून पटते. दिवसा, त्यातही सकाळी, खरडल्याचा आवाज आणि चिवचिवाट असेल तर चिमणी किंवा साळुंकी. चिमणीच्या घरट्याखाली काड्या, काथ्या, पोत्याचे धागे आणि पिसे सांडलेली असतात. तिचे काम कधीच नेटके नसते. साळुंकी कागदाचे कपटे, प्लॅस्टिकच्या चिंध्या, कधी सापाची कातसुद्धा आत नेऊन कोंबते. पारवा चार काड्या टाकतो, त्यावरच अंडी घालतो आणि विष्ठेचा ढीग साचू देतो. वळचणीखाली पिसे आणि गवत लाळेने चिकटवून केलेला गठ्ठा, तसे अनेक गठ्ठे शेजारी शेजारी आणि संध्याकाळी घराभोवती किलबिलत गरगर फिरणारा थवा दिसला की पाकोळ्या. रात्री खुडबुड असेल तर आधी उंदीर आठवावेत, मग घुबड. विष्ठा बारीक, काळी आणि बोटाने चुरल्यावर किड्यांच्या पंखांसारखी चमकणारी निघाली, तर माळ्यावर पक्षी नसून वटवाघळे आहेत.

रात्री माळ्यावरून येणारा लांब फुसकारा हा वेगळाच प्रकार. साप समजून सर्पमित्राला बोलावले जाते आणि वर सापडतात हृदयाच्या आकाराच्या पांढऱ्या चेहऱ्याची, कापसाच्या बोळ्यासारखी चार-पाच पिले. गव्हाणी घुबडाची पिले भुकेली असोत की घाबरलेली, आवाज असाच काढतात.

पक्षी ओळखण्याचा खरा उपयोग एवढाच की त्यावरून तारीख कळते, आणि तारीख कळली की घरातले बहुतेक वाद मिटतात. माळा मोकळा हवा, पण कधी मोकळा होणार हे ठाऊक नसते, म्हणून घरटी फेकली जातात. प्रत्यक्षात मुदत थोडीच असते. चिमणीची अंडी ११ ते १४ दिवसांत फुटतात आणि पिले त्यानंतर साधारण दोन आठवड्यांत उडतात. अंड्यांपासून धरले तर महिनाभराचा मामला. साळुंकीची निळसर अंडी उबायला अडीच आठवडे लागतात आणि पिलांना तीन आठवड्यांहून थोडे अधिक, म्हणजे सुमारे सहा आठवडे. पारव्याची दोन पांढरी अंडी १७ ते १९ दिवसांत फुटतात आणि पिलांना उडायला जवळजवळ महिना लागतो. पाकोळीला अंड्यापासून उड्डाणापर्यंत दोन महिन्यांच्या आसपास. सगळ्यांत दीर्घ मुक्काम गव्हाणी घुबडाचा. मादी दोन-तीन दिवसांच्या अंतराने अंडी घालते, पण पहिल्या अंड्यापासूनच उबवू लागते; प्रत्येक अंड्याला महिनाभर आणि प्रत्येक पिलाला पुढे सुमारे आठ आठवडे लागतात. पहिल्या अंड्यापासून शेवटच्या पिलापर्यंत तीन महिने सहज जातात. एकाच घरट्यात मुठीएवढे पिलू आणि जवळजवळ पूर्ण वाढलेले पिलू शेजारी बसलेले दिसते ते यामुळेच.

हंगामाचा अंदाजही हाताशी असावा. साळुंकी आणि दयाळ उन्हाळ्यात आणि पावसाच्या तोंडाशी घरटी करतात. पिंगळ्याचा काळ नोव्हेंबर ते एप्रिल. चिमणी, पारवा आणि गव्हाणी घुबड यांना वर्षाचे बंधन जवळजवळ नाही. घरातल्या मोठ्या कामांशी या तारखांची गाठ पडते तिथेच नुकसान होते. कौले चाळण्याचे, म्हणजे शाकारणीचे, काम मे महिन्यात निघते आणि नेमकी तेव्हाच साळुंकीची पिले कौलांखाली असतात. दिवाळीची साफसफाई घुबडाच्या अंड्यांवर येते. गौरी-गणपतीचे मखर आणि मुखवटे काढायला श्रावणाच्या अखेरीस कोणीतरी माळ्यावर चढते आणि चिमणीचा पावसाळी विणीचा खोपा त्या पेटीवरच असतो. उपाय सोपा आहे. फेब्रुवारीत एकदा माळ्यावर नजर टाकावी. घरटे नसेल तर लागणारे सामान तेव्हाच खाली आणून ठेवावे. घरटे असेल तर शाकारणी त्या पाख्यापुरती पंधरा दिवस पुढे ढकलता येते का, हे गवंड्याशी बोलून घ्यावे. पाऊस जूनमध्ये येणार हे धरून मेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत बहुधा जमते. जमत नसेल तर दुसरे पाखे आधी उरकावे.

कायद्याचे म्हणणेही स्पष्ट आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांची अंडी फोडणे आणि अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे हेही येते. घर स्वतःचे आहे म्हणून माळ्यावरचे घुबडाचे घरटे पोत्यात भरून माळरानावर सोडून देण्याची मुभा मिळत नाही. अडचण खरोखरच मोठी असेल तर वन विभागाच्या १९२६ या ‘हॅलो फॉरेस्ट’ क्रमांकावर विचारावे.

आता पाहण्याविषयी. माळ्यावरच्या घरट्याचे बहुतेक निरीक्षण घरट्याकडे न बघताच होते. पक्षी आत-बाहेर करतो ते भोक, त्यासमोरची तार, खुंटी किंवा पत्र्याची कड, एवढे दिसेल अशी जागा खाली अंगणात किंवा समोरच्या गच्चीत शोधावी आणि रोज त्याच जागी, त्याच वेळी बसावे. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी दहा-अकरा वर्षांचे असताना, १९०६-०७ च्या सुमारास, घोड्यांच्या पागेत असेच चिमणीचे एक घरटे न्याहाळले होते. मादी भोकात अंड्यांवर आणि नर बाहेरच्या खिळ्यावर पहाऱ्याला. शिकारीची हौस असलेल्या त्या मुलाने नर टिपला, तर थोड्याच वेळात दुसरा नर त्याच खिळ्यावर येऊन बसला. सात दिवसांत आठ नर त्याने मारले आणि प्रत्येक वेळी जागा भरली गेली. हे टिपण सुमारे साठ वर्षांनी छापले गेले आणि नंतर त्यांच्या आत्मचरित्रातही आले. पद्धत अर्थातच आज तुरुंगाची वाट दाखवील. टिपणाचे मोल बंदुकीत नव्हते. एकाच खिळ्याकडे आठवडाभर लक्ष देऊन जे दिसले ते तारखेसह लिहून ठेवण्यात होते.

आत डोकावायचेच असेल तर आठवड्यातून एक-दोनदा पुरे. मादी बाहेर गेल्यावर जावे, मिनिटभरात परतावे. चिमणी आणि साळुंकी सकाळी लवकर अंडे घालतात, म्हणून ती वेळ टाळावी, दुपारनंतरची बरी. शिडी हलती नसावी आणि खाली धरायला कोणीतरी असावे, कारण माळ्यावरच्या निरीक्षणात पक्ष्यापेक्षा माणूसच जास्त वेळा पडतो. लांब काठीला दाढीचा छोटा आरसा तिरका बांधला तर तुळईमागचे घरटे डोके आत न घालता दिसते. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागद रबराने बांधला की उजेड पक्ष्यांना कमी खुपतो. फ्लॅश कधीच वापरू नये. जुना मोबाईल किंवा घरातला वायफाय कॅमेरा लावायचा असेल तर तो घरटे होण्याआधी लावावा. अंडी घातल्यावर लावलेल्या नव्या वस्तूमुळे, विशेषतः पहिल्या काही दिवसांत, मादी घरटे सोडून जाऊ शकते. कॅमेऱ्याची वायर उंदरांपासून आणि गळतीपासून सांभाळावी लागते हे वेगळे सांगायला नको.

दोन काळ मात्र पूर्ण वर्ज्य. अंडी घालायला सुरुवात होते तो आठवडा आणि पिलांना पिसे फुटून ती भोकाच्या तोंडाशी येऊ लागतात ते शेवटचे चार-पाच दिवस. या शेवटच्या दिवसांत कोणी जवळ गेले तर अर्धवट पंखांची पिले घाबरून बाहेर उड्या टाकतात आणि परत ठेवली तरी टिकत नाहीत. पिले झाली की आनंदाने शेजारीपाजारी सगळ्यांना माळा दाखवण्याची पद्धत आहे. ती नेमकी याच दिवसांत पाळली जाते.

टिपणवही साधी असावी: तारीख, वेळ, ऊन-पाऊस, नर की मादी, चोचीत काय, आत किती वेळ. चिमणीचा नर गळ्यावरच्या काळ्या पट्ट्याने लगेच ओळखू येतो. साळुंकीत नर-मादी सारखेच दिसतात, म्हणून तिथे फक्त फेऱ्या मोजाव्यात. एरवी दाणे टिपणारी चिमणी पिलांना मात्र मुख्यतः किडे आणि अळ्या भरवते, आणि तासाला दहा-पंधरा फेऱ्या सहज मारते. फेऱ्या एकाएकी वाढल्या की अंडी फुटली असे समजावे, आत न पाहता. थोड्या दिवसांनी पालक बाहेर पडताना चोचीत पांढरी पुडी नेताना दिसतात. ती पिलांची विष्ठा. ही पुडी नेणे बंद झाले की पिले मोठी झाली. अशी टिपणे ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर पक्ष्यांच्या यादीसोबत विणीचा संकेत देऊन नोंदवता येतात. देशभरातल्या हौशी निरीक्षकांच्या अशाच नोंदींवर २०२० साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल निघाला आणि चिमणी देशभरात मिळून बऱ्यापैकी टिकून आहे, मोठ्या महानगरांत मात्र घटते आहे, हे त्यातून पुढे आले. ताथवड्यासारख्या गावाचे शहर होत असलेल्या ठिकाणच्या नोंदींना म्हणूनच किंमत आहे. घुबडाच्या बाबतीत एक पथ्य पाळावे: घरट्याचा ठिकाणा जाहीर करू नये, पिले उडेपर्यंत फोटोही समाजमाध्यमांवर टाकू नयेत. जादूटोण्यासाठी घुबडे पकडणारे आजही आहेत आणि दिवाळीच्या आसपास त्यांची मागणी वाढते.

घरट्याला खरा धोका निरीक्षकाचा नसून घरातल्या सवयींचा असतो. खोलीतून माळ्यावर ये-जा करणाऱ्या चिमणीचा सर्वांत मोठा शत्रू छताचा पंखा. दिवसभर पंखा बंद ठेवणे उन्हाळ्यात कोणालाच परवडत नाही. त्यापेक्षा तेवढे दिवस टेबलफॅन वापरावा किंवा चिमणीला बाहेरच्या बाजूने भोक मोकळे ठेवून खोलीकडची बाजू जाळीने बंद करावी. जाळी अंडी घालण्यापूर्वी लावली तरच हा दुसरा मार्ग चालतो. पत्र्याखालचा माळा एप्रिल-मेमध्ये भट्टीसारखा तापतो. पिले चोच उघडी ठेवून धापा टाकताना दिसली तर पत्र्यावर बाहेरून ओले गोणपाट टाकावे आणि दुपारी एकदा पाणी मारावे. घरट्यावर किंवा पिलांवर पाणी शिंपडू नये. पेस्ट कंट्रोलची ठरलेली फेरी त्या खोलीपुरती रद्द करावी. उंदरांचे विषारी औषध तर माळ्यावरच काय, घराभोवतीही ठेवू नये, कारण ते खाऊन मंदावलेला उंदीर घुबड पहिल्यांदा पकडते आणि विष त्याच्या पिलांपर्यंत पोहोचते. विष टाकणाऱ्याला हे उंदीर मारण्याचे फुकटचे यंत्र आपणच बंद पाडतो आहोत याचा पत्ता नसतो.

पिलू खाली पडले तर गडबड करू नये. पिसे नसलेले, डोळे मिटलेले पिलू उचलून सरळ घरट्यात ठेवावे. माणसाचा वास लागल्याने आई टाकून देते हा समज खोटा आहे. घरटेच कोसळले असेल तर भोके पाडलेल्या छोट्या टोपलीत किंवा नारळाच्या करवंटीत सुकी काडी भरून ती जुन्या जागेशेजारी खिळ्याला टांगावी; पालक आवाजावरून येतात. पिसे फुटलेले आणि टणाटण उड्या मारणारे पिलू हरवलेले नसते, ते उडायला शिकत असते. त्याला कुंडीच्या आडोशाला ठेवावे आणि मांजर घरात कोंडावे, पिलू नव्हे. दूध, पाव आणि भात चमच्याने भरवणे तर मुळीच नको. पाणी चोचीत ओतले की ते श्वासनलिकेत जाते. जखमी पक्ष्याला झाकण असलेल्या, भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवावे आणि बावधनच्या रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्टसारख्या वन्यजीव उपचार केंद्राकडे विचारणा करावी. अंडी नाहीशी झाली, घरटे मात्र जसेच्या तसे, तर बहुधा धामण येऊन गेली. तिला हाकलण्यासाठी घरट्यात नाफ्थलिनच्या गोळ्या ठेवणाऱ्यांनी पिलांचाही विचार करावा. घरट्यापर्यंत पोहोचणारी फांदी किंवा टेकवून ठेवलेला बांबू हलवणे हा त्यापेक्षा चांगला बंदोबस्त.

घुबडाची गोष्ट थोडी वेगळी, कारण तिथे भीती आड येते. घुबड घरावर बसणे अशुभ, हा समज ग्रामीण भागात पक्का आहे आणि फ्लॅटमध्येही तो सामानासोबत येतो. तो मोडण्यासाठी पुण्याच्या इला फाउंडेशनने डॉ. सतीश पांडे यांच्या पुढाकाराने २०१८ साली पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरी इथे घुबड महोत्सव भरवला. घरच्या मंडळींना पटवायचे असेल तर व्याख्यानापेक्षा माळ्यावरचे गोळे दाखवावेत. गव्हाणी घुबड काड्यांचे घरटे करत नाही. जमिनीवर, आपल्याच ओकाऱ्यांच्या थरावर अंडी घालते. ते उंदीर बहुधा अख्खा गिळते आणि न पचलेली हाडे व केस अंगठ्याएवढ्या काळसर, चकाकत्या गोळ्याच्या रूपाने ओकून टाकते. असा वाळलेला गोळा हातमोजे घालून कोमट पाण्यात भिजवावा आणि सुईने उकलावा. आतून उंदराच्या कवट्या, पिवळसर दातांचे जबडे आणि सुपारीच्या खांडासारखे मणके निघतात. एका गोळ्यात दोन-तीन कवट्या निघाल्या की धान्याच्या कणग्या राखणाऱ्या घरात तरी अशुभाची भाषा जरा मवाळ होते. विष्ठेचा उग्र वास मात्र येतो, तो लपवता येत नाही. माळ्यावर जुनी ताडपत्री आधी पसरलेली असेल तर नंतरचे काम हलके होते.

पारव्याशी वेगळ्या हिशेबाने वागावे. त्याच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ रोज श्वासात गेली तर फुप्फुसाला कायमची इजा होऊ शकते. दमा असलेले, वृद्ध आणि लहान मुले यांच्या खोलीला लागून पारव्याचे घरटे असू देऊ नये. मुंबईत २०२५ साली दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून जो वाद पेटला, त्याच्या मुळाशी हाच आरोग्याचा प्रश्न होता. दाणे घालणे थांबवावे, काड्या जमू लागताच, अंडी पडण्यापूर्वी, डक्टचे तोंड जाळीने बंद करावे. अंडी पडलीच तर सहा-सात आठवडे खिडकी लावून घ्यावी आणि पिले उडाली की त्याच दिवशी जाळी बसवावी. पारवा दुसऱ्या विणीसाठी आठवडाभरही थांबत नाही. बहुतेक सोसायट्या इथेच चुकतात.

पिले उडाल्यावर इतर पक्ष्यांच्या घरट्यालाही लगेच हात लावू नये. चिमणी त्याच जागी दुसरी, तिसरी वीण करते. दोन आठवडे काहीच ये-जा दिसली नाही तर काम सुरू करावे. नाका-तोंडावर चांगला मास्क, हातमोजे, आणि कोरडी झाडू अजिबात नाही. आधी पाणी फवारून सगळे ओले करावे, मग खरवडून पिशवीत भरावे. पिले गेल्यानंतर घरट्यातले बारीक किडे अन्नाच्या शोधात भिंतीवरून खाली उतरतात आणि अंगाला खाज सुटते, म्हणून घरटे रिकामे झाल्याची खात्री पटल्यावर मात्र ते काढायला महिनोन्‌महिने लावू नयेत. भोक बंद करण्यापूर्वी सलग दोन संध्याकाळी बाहेर उभे राहून आत कोणी मुक्कामाला जात नाही ना हे पाहावे.

माळा परत मिळवायचा आणि चिमणीही टिकवायची असेल तर बंद केलेल्या भोकाशेजारीच बाहेरच्या भिंतीवर लाकडी पेटी लावावी. चिमणीसाठी दार सव्वा इंच, म्हणजे ३२ मिलिमीटर. त्याहून मोठे केले तर साळुंकी ताबा घेते. पेटी दुपारच्या उन्हापासून आडोशाला, दोन-अडीच मीटर उंचीवर, मांजराला उडी मारता येणार नाही अशी असावी. तिला आतून रंग देऊ नये, तळाला पाणी निथळायला भोके ठेवावीत आणि झाकण उघडता येईल असे ठेवावे, म्हणजे वर्षातून एकदा साफ करता येते. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीने अशा पेट्यांचा बराच प्रसार केला. २० मार्चचा जागतिक चिमणी दिनही त्यांच्याच पुढाकाराने २०१० पासून सुरू झाला. पेट्यांचे वाटप त्या दिवशी जोरात होते, पण तोवर बऱ्याच जोड्यांनी जागा पक्की केलेली असते. पेटी जानेवारीतच लावावी, आणि पहिल्या वर्षी ती रिकामी राहिली तरी काढू नये.